सालीचा अर्क आणि बाटलीवरचे दावे

दाण्याचं कूट करताना भाजलेल्या शेंगदाण्यांची लाल सालं आपण चोळतो, पाखडतो आणि केरात टाकतो. या पुस्तकाचा विषय तिथूनच सुरू होतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्समध्ये अन्नाची टंचाई होती. आफ्रिकेतल्या वसाहतींतून आलेल्या शेंगदाण्याचं तेल काढल्यावर पेंड उरायची. ती खाण्याजोगी आहे का, तिच्यातल्या लाल सालीत काही विषारी तर नाही ना, हे शोधायचं काम बोर्दो विद्यापीठात जाक मास्कलिए या तरुण संशोधकाकडे आलं. विष काही सापडलं नाही. सापडला एक रंगहीन पदार्थ, जो बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती बळकट करतो असं त्याच्या प्रयोगांत दिसलं. 1948 मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला, आणि दोनेक वर्षांत शेंगदाण्याच्या सालीपासून बनवलेलं रक्तवाहिन्यांचं औषध फ्रान्समध्ये विकायला आलं.

मास्कलिए तिथे थांबला नाही. त्याला हाच पदार्थ आणखी स्वस्तात आणि मुबलक हवा होता, आणि तो बोर्दोच्या दाराशीच होता. शहराच्या दक्षिणेला अटलांटिकच्या किनाऱ्यालगत लांद नावाचा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती रेताड आणि पावसाळी दिवसांत पाण्याने भरणारी माळजमीन होती. तिथले मेंढपाळ पायांना उंच काठ्या बांधून मेंढरं राखत. 1857 मध्ये, तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, गावांनी आपल्या सामाईक जमिनींतल्या पाण्याचा निचरा करून तिथे झाडं लावावीत असा कायदा झाला. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या थोपवायला सागरी पाइन त्याआधीपासूनच लावला जात होता. आता तो आत दूरवर पसरला. आज हे सुमारे दहा लाख हेक्टरांचं जंगल पश्चिम युरोपातलं सर्वांत मोठं मानवनिर्मित जंगल मानलं जातं. (आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवायला सुरू लावतात. दिसायला तो पाइनसारखा असला तरी पाइनच्या कुळातला नाही. तेव्हा या पुस्तकातलं काहीही सुरूच्या सालीला लावू नये.)

या झाडांपासून आधी राळ काढली गेली, मग फळ्या आणि कागद. साल हा लाकूड सोलताना उरणारा कचरा. मास्कलिएने तिच्यातून अर्क काढून दाखवला, आणि पुढे हॉरफाग रिसर्च या कंपनीने सागरी पाइनच्या सालीचा अर्क ‘पिक्नोजेनॉल’ या नावाने जगभर नेला. या नावावरून आणि पेटंटवरून बरीच कोर्टबाजी झाली. ती वाचायला रंजक आहे, पण तिच्यामुळे कोणाचा गुडघा दुखायचा थांबत नाही, म्हणून ती इथे सोडून देतो.

सालीत काय असतं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरून आहेत. तिच्यातला मुख्य ऐवज म्हणजे प्रोसायनिडिन नावाच्या पदार्थांचा गट. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन या रेणूंचे दोन, तीन किंवा त्याहून जास्त दुवे जोडले गेले की प्रोसायनिडिन बनतं. कॅटेचिन आपल्याला मुळीच परकं नाही. खैराच्या लाकडापासून काढलेल्या, विड्यात घातल्या जाणाऱ्या कातात ते भरपूर असतं. हिरव्या चहात त्याची भावंडं असतात. जीभ आवळणारा जो तुरटपणा, तो याच कुळाचा. द्राक्षाच्या बिया, सफरचंद, कोको आणि आपली ती केरात गेलेली शेंगदाण्याची सालं या सगळ्यांत ही मंडळी हजर असतात. पिक्नोजेनॉलमध्ये त्यांचं प्रमाण 65 ते 75 टक्के राखलेलं असतं, बाकीच्यात टॅक्सिफोलिन, फेरुलिक आम्ल, कॅफिक आम्ल असे लहान रेणू असतात.

परीक्षानळीत हे पदार्थ फार शूर असतात. पेशींना इजा करणारे मुक्त कण ते पटापट निकामी करतात, आणि त्या प्रयोगांचे आलेख जाहिरातींत झळकतात. पोटात गेल्यावर मात्र गोष्ट बदलते. प्रोसायनिडिनच्या लांब साखळ्या आतड्यातून जशाच्या तशा रक्तात जाऊ शकत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या तोडतात, आणि त्यातून तयार झालेले लहान रेणू थोड्या प्रमाणात, काही तासांपुरते रक्तात फिरतात. म्हणजे काम होत असेल तर ते या तुकड्यांमुळे, आणि परीक्षानळीत वापरली जाते त्याच्या कितीतरी कमी मात्रेत. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि त्यामुळे वाहिन्या थोड्या सैल होतात, ही त्यातली मला सर्वांत विश्वसनीय वाटणारी कार्यपद्धती आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द वाचला की मात्र सावध व्हावं. फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन या नामांकित अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी 18 टक्क्यांनी वाढलेला निघाला. 1994 मध्ये तो निष्कर्ष आला तेव्हा पुष्कळांना धक्का बसला होता. पाइनच्या सालीबद्दल असं काही आढळलेलं नाही. पण परीक्षानळीतल्या शौर्यावरून माणसाच्या तब्येतीचं भाकीत करता येत नाही, हे त्या चाचणीने कायमचं दाखवून दिलं.

आता त्या गोष्टीकडे येतो जी पाइनच्या सालीच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात असते. फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए 1535-36 च्या हिवाळ्यात आजच्या क्वेबेक शहराजवळ, गोठलेल्या नदीत, आपल्या तीन जहाजांसह अडकून पडला. माणसं सुमारे एकशे दहा. हिरड्या सडू लागल्या, पाय सुजून काळे पडले, पंचवीस जण मेले. तिथल्या टोळीप्रमुखाचा, दोन्नाकोनाचा, मुलगा दोमागाया याने एका झाडाची साल आणि पानं उकळून तो काढा प्यायचा उपाय सांगितला. एक भलंमोठं झाड आठवड्याभरात संपलं आणि माणसं उठून चालू लागली. माहितीपत्रकातली गोष्ट इथे संपते. चारशे वर्षांनी मास्कलिएने ती वाचली आणि पाइनच्या सालीचं गुपित उलगडलं, असं पुढे जोडलेलं असतं.

ही गोष्ट खरी आहे, पण तिचा या गोळीशी संबंध फार पातळ आहे. कार्तिएच्या माणसांना झालेला रोग स्कर्व्ही होता, म्हणजे क जीवनसत्त्वाची उणीव. ती भरून काढणारं जीवनसत्त्व मुख्यतः हिरव्या पानांत असतं. झाड कोणतं होतं यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. बहुतेकांच्या यादीत थुजाचं, म्हणजे तिथल्या पांढऱ्या सीडरचं, नाव वर असतं, आणि काही जण बाल्सम फर म्हणतात. लांदचा सागरी पाइन तर कॅनडाच्या त्या जंगलात नव्हताच. आणखी एक भाग माहितीपत्रकांत कधीच येत नाही. दोमागाया फ्रेंच बोलू शकत होता, कारण आदल्या वेळी कार्तिएनेच त्याला आणि त्याच्या भावाला पळवून फ्रान्सला नेलं होतं. काढ्याने माणसं वाचल्यानंतर, 1536 च्या वसंतात, कार्तिए त्या दोघांना, त्यांच्या वडिलांना आणि आणखी काही जणांना पुन्हा धरून घेऊन गेला. त्यांच्यापैकी कोणीही परत आलं नाही. औषधाच्या मोबदल्यात त्यांना हे मिळालं.

आता मुख्य प्रश्न. ही गोळी चालते का?

या अर्काच्या प्रयोगांची यादी काढली तर माणूस थक्क होतो. दमा, मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, पायांच्या शिरांची सूज, मुलांमधली अतिचंचलता, पाळीतलं दुखणं, डोळ्याचा पडदा, पुरुषांमधलं लैंगिक शैथिल्य, चेहऱ्यावरचा वांग, लांबच्या विमानप्रवासात पायांना येणारी सूज. इतक्या आजारांवर एकच साल कशी चालेल, असा संशय पहिल्यांदा येतो. मला तो संशय तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारी वस्तू अनेक ठिकाणी थोडीथोडी उपयोगी पडू शकते. मला खटकतं ते दुसरंच. प्रत्येक आजारासाठी विहीर खणायला सुरुवात झाली, पण पाणी लागेपर्यंत कोणीच खणली नाही.

याचा सर्वांत नीट हिशोब कॉक्रेन या संस्थेने केलेला आहे. उपचारांवरचे सगळे प्रयोग गोळा करून, त्यांची प्रत तपासून निष्कर्ष काढणारी ही जागतिक संस्था आहे. तिच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी 2012 मध्ये पहिला आढावा घेतला. त्यात 15 प्रयोग आणि 791 माणसं होती. 2020 मध्ये तो अद्ययावत झाला तेव्हा दहा जुनाट आजारांवरचे 27 प्रयोग आणि 1,641 माणसं झाली. म्हणजे प्रयोगामागे सरासरी साठेक माणसं, आणि ती पुन्हा दोन गटांत वाटलेली. बरेच प्रयोग काही आठवडे किंवा काही महिन्यांचे. दोन्ही वेळा निष्कर्ष जवळपास तोच निघाला: यातून ठाम काही सांगता येत नाही. हे ‘चालत नाही’ असं म्हणणं नव्हे. पण दुकानदार जेव्हा ‘शेकडो संशोधनं झाली आहेत’ असं सांगतो, तेव्हा त्या शेकड्यांतून चाळणीत इतकंच उरतं, हे आपल्याला ठाऊक असावं.

दोन प्रयोग समोरासमोर ठेवले की अडचण स्पष्ट होते. झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेल्या 23 रुग्णांना आठ आठवडे रोज 200 मिलिग्रॅम पिक्नोजेनॉल दिलं. रक्तवाहिन्यांचं अस्तर किती चांगलं काम करतं हे मोजल्यावर सुधारणा दिसली, आणि 2012 मध्ये तो लेख युरोपातल्या मानाच्या हृदयरोग नियतकालिकात आला. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेत, स्टॅनफर्डला, हृदयविकाराचा धोका वाढलेल्या 130 लोकांपैकी काहींना बारा आठवडे रोज तेवढीच मात्रा आणि बाकीच्यांना नकली गोळी दिली होती. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, वजन, कशातच नकली गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. अर्काच्या समर्थकांचं म्हणणं असं की स्टॅनफर्डने दुसऱ्या कंपनीचा, फ्लॅव्हँजेनॉल नावाचा अर्क वापरला. हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. पण मग तो उलटाही लागू होतो: पिक्नोजेनॉलवर झालेलं संशोधन दुसऱ्या कोणत्याही ‘पाइन बार्क’ बाटलीच्या नावे जमा करता येणार नाही. बाजारात नेमकं तेच चाललेलं असतं.

मुलांच्या अतिचंचलतेचा प्रयोग पालकांमध्ये फार फिरतो, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. 2006 मध्ये ब्रातिस्लाव्हात 61 मुलांमधल्या एका गटाला महिनाभर, वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक मिलिग्रॅम या हिशोबाने अर्क दिला. चंचलता कमी झाली, लक्ष लागू लागलं, आणि गोळी थांबवल्यावर महिन्याभरात सगळं पूर्वपदावर आलं. प्रयोग आश्वासक आहे. पण मुलाच्या शाळेची वर्षं महिन्याभराच्या प्रयोगावर सोपवायची का? चालू असलेलं औषध बंद करून ही गोळी सुरू करणं तर मला सरळसरळ चूक वाटतं.

गुडघेदुखीत या अर्काने वेदनाशामक गोळ्या थोड्या कमी लागल्याचे छोटे प्रयोग आहेत. पायाच्या शिरांच्या सुजेत तो पूर्वीपासून वापरला जातो आणि तिथे थोडा गुण येत असावा असं मला वाटतं. वांगावर चीनमध्ये 30 बायकांवर झालेला जुना प्रयोग वारंवार सांगितला जातो. त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, त्यामुळे त्याला फारसं वजन देता येत नाही. पुढे ब्राझीलमध्ये झालेला प्रयोग जास्त नेटका होता, पण तिथेही ही गोळी चेहऱ्याला लावायच्या मलमाच्या जोडीला दिली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ही साल बहुतेकदा ‘गोरेपणाच्या’ गोळ्यांतूनच घरात शिरते. ग्लुटाथायोन नावाच्या अशा गोळ्यांच्या पाकिटामागचा बारीक मजकूर वाचा. पुष्कळदा द्राक्षाच्या बियांचा आणि पाइनच्या सालीचा अर्क शेजारी शेजारी सापडेल. वांग ही वैद्यकीय तक्रार आहे आणि तिच्यावर उपचार जरूर घ्यावेत. सावळा रंग हा आजार नाही, आणि त्यावर कोणत्याही झाडाची साल लागत नाही.

सुरक्षिततेबद्दल आधी चांगली बातमी. प्रयोगांत भाग घेतलेल्या बहुतेकांना हा अर्क सहज सोसला. त्रास झाला तर तो पोट बिघडणं, डोकं दुखणं, गरगरणं, क्वचित तोंड येणं असा, आणि गोळी थांबवल्यावर जाणारा. रोज 50 ते 450 मिलिग्रॅम, वर्षभरापर्यंत, धडधाकट माणसाला साधारण सुरक्षित मानतात. पोट बिघडू नये म्हणून तो जेवणानंतर घ्यायला सांगतात. मात्र तुरट पदार्थ अन्नातलं लोह बांधून ठेवतात, हे चहाबाबत जसं खरं आहे तसंच इथेही लागू व्हावं. रक्तक्षय असलेल्या बाईने लोहाची गोळी आणि ही गोळी एकाच वेळी घेऊ नये.

खरा धोका आहे तो संगतीचा. ‘झाडाचं आहे, अपाय कसला’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. कण्हेरही झाडच आहे. वस्तू शरीरावर काही परिणाम करत असेल तर तो इतर औषधांच्या परिणामात मिसळणारच, आणि परिणाम करत नसेल तर ती घ्यायची कशाला? पाइनचा अर्क रक्तातल्या बिंबिकांचं एकमेकींना चिकटणं कमी करू शकतो. म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल, दात काढायचा असेल, तर निदान दोन आठवडे आधी तो थांबवावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर जास्त खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळीबरोबर चक्कर येऊ शकते. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असेल, जसं संधिवाताच्या काही प्रकारांत किंवा ल्युपसमध्ये होतं, किंवा अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर तो टाळावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही टाळावा.

आपल्या घरांत ही संगत कशी जुळते ते पुष्कळांनी पाहिलेलं असेल. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीहून नाहीतर कॅलिफोर्नियाहून येते, बॅगेत आईबाबांसाठी बदाम, क्रीम आणि सप्लिमेंटच्या चार-पाच मोठ्या बाटल्या असतात. बाबांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला असतो, सकाळी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असतं. बाटली प्रेमाने आणलेली असते, म्हणून ती घ्यायचीच. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात ती बाटली येत नाही, कारण ते काही औषध नाही ना! अमेरिकेच्या 1994 च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी ते उपयोगी आहे हे सिद्ध करावं लागत नाही. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनुसार अशा बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणं बंधनकारक आहे. ती असते. जाहिरात मात्र मधुमेह, सांधे आणि हृदय यांचीच नावं घेत राहते.

बाटलीत काय आहे, हा आणखी वेगळा प्रश्न. ‘पाइन बार्क एक्स्ट्रॅक्ट 100 मिलिग्रॅम’ एवढंच लिहिलं असेल तर झाड कोणतं आणि प्रोसायनिडिन किती टक्के, हे काहीच कळत नाही. न्यूझीलंडमध्ये दुसऱ्याच पाइनच्या सालीचा अर्क निघतो, चीनमध्ये तिसऱ्याच. या अर्काचं जवळचं भावंड म्हणजे द्राक्षबियांचा अर्क. अमेरिकेत त्याच्या बाजारातल्या बाटल्या तपासल्या तेव्हा काहींमध्ये द्राक्षाच्या बिया नव्हत्याच. होता तो शेंगदाण्याच्या सालीचा स्वस्त अर्क. मास्कलिएच्या दृष्टीने ते अगदीच नापास नव्हतं. पण ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या दृष्टीने ती जिवाशी गाठ आहे.

पुढच्या प्रकरणांत एकेक आजार घेऊन, त्यावरचे प्रयोग कोणी केले, किती माणसांवर केले, खर्च कोणी उचलला आणि कुठे थांबले, हे सविस्तर मांडलं आहे. माझं मत लपवायचं कारण नाही. पायाच्या शिरा आणि गुडघे यांच्यासाठी, ज्याला परवडतं आणि ज्याची दुसरी औषधं आड येत नाहीत, अशा माणसाने डॉक्टरांना सांगून दोन-तीन महिने घेऊन पाहायला हरकत नाही. फरक नाही पडला तर थांबवावं. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांत याला चालू औषधाची जागा देऊ नये. आणि पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने एक काम जरूर करावं: कपाटातल्या सगळ्या बाटल्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि अमेरिकेहून आलेल्या, एका पिशवीत भराव्यात आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी बरोबर न्यावी.